सात पिढ्यांची आंबील

अन्याय झाला तो आमच्या गावातल्या एका मेंढपाळाच्या घरी नव्यानं आलेल्या सुनेवर. कधी झाला तेही सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल की असं काही घडलंच नव्हतं. गेल्या चैत्रात, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी नऊची आरती संपल्यावर. तिच्या लग्नाला दोन महिने झाले होते. डोक्यावर आंबिलीची कळशी होती. आणि तिला अडवणारा हात माझ्या सख्ख्या चुलत्याचा होता.

आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. चैत्रात ऊन असं असतं की देवीलासुद्धा थंड काहीतरी द्यावं असं वाटतं, म्हणून प्रत्येक घर ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील करून आणतं. देवळापुढं कल्हई केलेला तांब्याचा मोठा हंडा ठेवलेला असतो. सगळ्या घरांची आंबील त्या एका हंड्यात ओतायची, ढवळायची, आणि मग तीच सगळ्यांनी प्रसाद म्हणून प्यायची. कुणाची आंबट, कुणाची अळणी, कुणाची लसूण जास्त झालेली, सगळं एक होऊन जातं. मला हे लहानपणापासून फार आवडायचं. देवळात माझं येणं-जाणं घरच्यासारखं, कारण आम्ही गुरव. पूजा आमच्याकडं. सध्या पूजा करतात ते माझे चुलते, त्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं.

सून पुढं आली, कळशी उतरवायला वाकली, आणि अप्पांनी हात आडवा घातला. ओरडले वगैरे नाहीत. "तुमची भाईर, लिंबाखाली," एवढंच बोलले.

तिला कळलंच नाही. ती येडशीकडची, नवखी. तिला वाटलं रांग चुकली. ती हसून म्हणाली, "मागं थांबू का मग?"

रांगेतली एक बाई म्हणाली, "अगं, तुमच्या घरची आईला चालत न्हाय. सासूनं सांगितलं न्हाय व्हय तुला?"

सून कळशी तशीच काखेत घेऊन उभी राहिली. मागच्या बाया तिला वळसा घालून पुढं जाऊ लागल्या. मी हंड्याशेजारीच होते, हातात द्रोणांची चळत. मी धाराशिवला एका छोट्या गटाबरोबर काम करते. माणसांना वाळीत टाकणं, जातगावकीचे निवाडे, असल्या गोष्टींविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो आणि एसटी स्टँडवर वाटतो. दुसऱ्या गावांत जाऊन मी मोठमोठ्यानं बोलते. त्या सकाळी माझ्या गावात, माझ्या चुलत्यासमोर, मी एक शब्द बोलले नाही. द्रोण वाटत राहिले.

गोष्ट अशी आहे. त्या सुनेच्या नवऱ्याच्या पणज्यानं आईच्या, म्हणजे देवीच्या, नावानं सोडलेला एडका चोरला, असा आरोप होता. गावानं त्याला देवळात आणलं, हातात भंडारा दिला आणि शपथ घ्यायला लावली. त्यानं भंडारा उचलून "म्या घेतला न्हाय" म्हणून सांगितलं. पुढं त्याच्या घरामागं शिंगं पुरलेली सापडली. त्याच साली गावात पटकी आली. बरीच लेकरं गेली. तेव्हाचा गुरव, म्हणजे माझा पणजोबा, देवळाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला की खोटा भंडारा उचलल्यानं आई कोपली आहे, आता सात पिढ्या या घरची आंबील तिला चालणार नाही. तेव्हापासून ते घर आपली आंबील देवळाबाहेर लिंबाच्या बुंध्याशी ओततं आणि परत जातं. बाकी सगळं सुरळीत. त्यांच्याकडची लोकर घेतात, त्यांची मेंढरं खतासाठी शेतात बसवून घेतात. फक्त हंडा नाही. एरवी कुणी विषयही काढत नाही. वर्षातून एक सकाळ.

यात्रा झाली आणि मी धाराशिवला परत गेले. गेले ती पत्रकच लिहायला बसले. राग होता, हात चालत होता. मी लिहिलं की शिंगं कुणीतरी मुद्दाम पुरली असणार. मी लिहिलं की पणजा निर्दोष होता, गरीब होता म्हणून अडकवला. आणि शेवटी मला वाटलं आता आपण एकदम विद्वान झालो, म्हणून यहुद्यांच्या जुन्या धर्मशास्त्रातलं एक वचन घातलं. सोलापूरच्या वसतिगृहात माझ्या खोलीत नर्सिंग शिकणारी ख्रिस्ती मुलगी होती. तिच्या जाडजूड मराठी पुस्तकाचा पहिला मोठा भाग म्हणजे ते यहुद्यांचं शास्त्र. जाताना ती मला ते देऊन गेली होती. त्यातला देव एका जागी सांगतो की आपण बापाच्या पापाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचवतो. मी लिहिलं: तो कडक देवसुद्धा चारवर थांबला, आमचं गाव मात्र सातवर अडलंय!

छापायच्या आधी वाचून दाखवावं म्हणून मी त्या घरी गेले. घर गावाच्या कडेला, पुढं मेंढरांचा वाडा. सुनेची सासू, तिला मी काकू म्हणते, लोकर निवडत बसली होती. सून पाणी घेऊन आली. तिचा नवरा हंगाम संपवून ढोकीहून उसाचा ट्रॅक्टर घेऊन आलेला, तो बाजेवर झोपला होता. मी पत्रक वाचलं. सभेत वाचते तसं, जोर देऊन.

काकूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घेतला हुता की."

"काय?"

"एडका. माज्या आजेसासऱ्यानं. घेतला आन् खाल्ला बी. शिंगं त्यानंच पुरली. आमच्या घरात सगळ्यास्नी ठावं हाय."

मी हातातला कागद बघत राहिले. काकू पुढं म्हणाली, "लई भूक हुती म्हनं त्या साली. पर घेतला. शपथ बी खोटीच घेतली. आता तू छापून त्याला साधू करतीस, गाव हसंल आमाला."

तेवढ्यात सून म्हणाली, "ताई, ते चार पिढ्यांचं काय लिवलंय? ह्यांचा पणजा म्हंजे ह्ये चौथे." तिनं बाजेकडं बोट दाखवलं. "म्हंजे ह्यांच्यापत्तूर बरोबर व्हय?"

बाजेवरून नवरा डोळे न उघडता म्हणाला, "मला कशाला वडता त्यात."

काकू हसली, सून हसली. मी हसले नाही. माझं पत्रक त्यांच्या अंगणात एका वाक्यात मेलं होतं. मी त्या माणसाला निर्दोष ठरवायला निघाले होते, म्हणजे तो दोषी असता तर हे सगळं योग्य होतं, असंच मी मान्य करून बसले होते. आणि तो दोषीच निघाला.

मग मी दुसरी चूक केली. ती पहिलीपेक्षा मोठी. मी उठून काकूच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, "काकू, माझ्या पणजोबानं हे सुरू केलं. माझा चुलता हे चालवतोय. आमच्या घराण्याकडून मी तुमची माफी मागते." मला खरंच भरून आलं होतं. आमच्या गटात असली भाषा चालते, आणि ऐकणारेही गहिवरतात.

काकूनं पाय मागं घेतले. "ऊठ."

"पण काकू..."

"ऊठ म्हनते ना. तुज्या पणज्यानं बोललं, त्याची माफी तू का म्हून मागतीस? तुला बी चौथी पिढी लागली व्हय? मग आमच्यात आन् तुज्यात फरक काय ऱ्हायला? आमाला तुमी भाईर उभं करता, आन् तू आपलं आपनच जाऊन उभी ऱ्हातीस."

ती लोकर निवडत राहिली. मग म्हणाली, "तुजं काय असंल तर येवढंच. तू हंड्याजवळ हुतीस. हिनं तुज्याकडं बघितलं. तू गप बसलीस. त्याची माफी माग. माज्याकडं न्हाय, हिच्याकडं."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी तिची माफी मागितली. घराणं नाही, पणजोबा नाही, भरून येणं नाही. "मी घाबरले होते, म्हणून बोलले नाही," एवढंच म्हणू शकले. ती म्हणाली, "बरं." आणि मग सासूकडं वळून म्हणाली, "आन् आत्या, तुमी? तुमी मला का न्हाय सांगितलं?"

आता काकूचा हात थांबला. "मुद्दाम न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, हिला म्हाईत नसंल तर ही सरळ चालत जाईल. आमी गेली तीस-पस्तीस वर्सं लिंबाकडंच वळतो. पायच वळत्यात. तुजे वळनार न्हाईत म्हून धाडली."

"सांगितलं असतं तरी गेले असते," सून म्हणाली. "पर डोकं वर करून गेले असते. येड्यावानी हसत न्हाय."

पुढं मी पाहिलं की त्या दिवसापासून घरातली कुठलीही गोष्ट काकू आधी सुनेला सांगते.

मी त्यांना कायद्याबद्दल सांगितलं. माणसांना वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, तक्रार देता येते. काकू म्हणाली, "पोलीस आले तर आंबील हंड्यात पडंल. पर ती प्यायला थांबंल कोन?" कायदा कमकुवत आहे असं मी म्हणत नाही. गरज पडली तर आम्ही तोही वापरू, आणि हे मी अप्पांना तोंडावर सांगितलंय. पण तिचा प्रश्न खरा होता. तिला नुसतं हंड्यात ओतायचं नव्हतं, सगळ्यांबरोबर एक होऊन प्यायचं होतं.

दिवाळीत मी ते जाड पुस्तक घेऊन अप्पांकडं गेले. अप्पा काही वाईट माणूस नाहीत, हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे. लहानपणी मला सायकल त्यांनीच शिकवली. वाचतातही भरपूर. मी म्हटलं, "अप्पा, देवाचा न्याय आणि पिढ्यांचा दोष यावर दुसऱ्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी काय भांडण केलंय ते वाचा." त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं. मला वाटलं नव्हतं ते वाचतील. त्यांनी वाचलं, आणि माझ्याच पुस्तकानं मला गाठलं.

माघात त्या सुनेला सासरीच मुलगी झाली. पाचवीला मी गेले होते, आणि पाचवीला म्हणून अप्पाही आले. त्या घरी ते चहा पितात, पाचवीला जातात, फक्त आंबील घेत नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पानात खूण घातलेली. "तुज्या ह्या पुस्तकात एक गोष्ट हाय," ते मला म्हणाले. "वाचलीस का?"

त्यांनी सांगितली ती गोष्ट अशी. त्या लोकांच्या पूर्वजांनी एका परक्या जमातीला शपथ घेऊन अभय दिलं होतं. पुढं एका राजानं ती शपथ मोडली आणि त्या जमातीची माणसं मारली. राजा मेला. नंतरच्या राजाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला. देवाला विचारलं, तर उत्तर आलं की त्या मोडलेल्या शपथेमुळं. तेव्हा जुन्या राजाच्या घरातले सात जण, मुलं आणि नातू, त्या जमातीच्या हवाली केले. त्यांना डोंगरावर मारून तसंच उघड्यावर टाकलं.

"आन् पाऊस पडला," अप्पा म्हणाले. पुस्तक मिटलं. "शपथ मोडली एकानं, फेडलं नातवंडांनी. ह्ये काय माज्या आज्यानं लिवलं न्हाय. देवाचा न्याय सगळीकडं असाच हाय, पोरी."

मी गोष्ट वाचलेली होती. मला ती नीट आठवतही होती. पण माझ्या आधी काकू बोलली. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी ती बसली होती, नात मांडीवर.

"त्या पोरांच्या आया कुठं हुत्या?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "काकू, त्यातल्या दोघांची आई होती तिथं. जुन्या राजाची ठेवलेली बायको होती ती. ती त्या खडकावर गोणपाट अंथरून बसली. कापणीच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत. दिवसा गिधाडं हाकलायची, रात्री जनावरं. एकाही मढ्याला शिवू दिलं नाही. तिची दोनच होती, पण तिनं सातही राखली."

काकूनं आयुष्यभर मेंढरं राखलीत. मेलेलं कोकरू माळावर सोडून पुढं जायचं म्हणजे काय, ते तिला माहीत आहे. तिनं मांडीवरच्या नातीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "कापनीपासून पावसापत्तूर. म्हंजे लई दिस." आणि लगेच, "मंग राजानं काय केलं?"

"त्याला कळलं. त्यानं ती हाडं गोळा करवली, जुन्या राजाचीही आणवली, आणि सगळी नीट पुरली."

"आन् देव कवा ऐकला? मारल्यावर का पुरल्यावर?"

मी अप्पांच्या हातातून पुस्तक घेतलं. पान खुणेवरच होतं. वाचलं. तिथं लिहिलंय की हाडं पुरल्यावर, त्यानंतर, देवानं देशाची विनवणी ऐकली. मी ते अप्पांकडं वळवलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. आधी ते पावसाच्या ओळीवरच थांबले होते.

"बघा म्हंजे," काकू म्हणाली. "पोरं मारली तवा देव ऐकला न्हाय."

मी खोटं लिहिणार नाही. त्या पुस्तकात अप्पांच्या बाजूचंही पुष्कळ आहे. चार पिढ्यांचा कोप आहे, एकाच्या चोरीपायी त्याचं सगळं घर दगडांनी संपवल्याची गोष्टही आहे. पण त्याच पुस्तकात पुढं, ते लोक हरून परमुलखात नेले गेल्यावर, "वाडवडिलांनी पाप केलं म्हणून आम्ही भोगतोय" असं जो तो म्हणू लागल्यावर, एक संदेष्टा उभा राहतो आणि देवाच्याच नावानं सांगतो की हे बोलणं बंद करा. ज्यानं केलं त्याचं त्याच्यापाशी. मुलगा बापाचा दोष वाहणार नाही, बाप मुलाचा वाहणार नाही. मला हे फार मोठं वाटतं. त्यांनी जुनं वचन खोडलं नाही, फाडलं नाही. तिथंच ठेवलं आणि त्याच्यापुढं उभं राहून "नाही" म्हणाले. देवाला न सोडता देवाशी भांडले. आणि आम्ही माझ्या पणजोबाच्या पायरीवरच्या एका वाक्याला उत्तर द्यायला घाबरतो?

हे सगळं मी त्या दिवशी बोलले, इतकं नेटकं नाही, पण बोलले. अप्पांनी ऐकलं. मग म्हणाले, "पटकीनं लेकरं गेली, त्याचं काय? ती कुनाची हुती?"

"दोन आमची हुती," काकू म्हणाली. "त्याच्याच घरातली. एडका खाल्लेल्याची. तुमच्या आज्यानं ती मोजली का?"

अप्पांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गावात कुणी हे कधी सांगितलंच नाही. अप्पा उठले, दारापर्यंत गेले, परत आले. त्यांनी एक वाट काढली. त्यांच्या परीनं ती मोठी होती, हे मी मानते. "वैनी, असं करू," ते म्हणाले. "यात्रेच्या आदी आईला कौल लावू. मूर्तीच्या दोनी बाजूंना एकेक पाकळी लावतो. उजवी पडली तर तुमची आंबील हंड्यात. आई सांगंल तसं."

मला क्षणभर मोह झाला. निम्मी तरी शक्यता होती. सुनेनं आतून सासूकडं बघितलं. काकूनं नातीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"कौल न्हाय," ती म्हणाली. "कौल म्हंजे पुन्यांदा खटला. डावी पडली तर ही पाच दिसांची पोर गुन्हेगार, उजवी पडली तर सुटली. हिनं केलंय काय? हिच्यावर खटला चालायचा न्हाय अप्पा. आईपुढं बी न्हाय. आई असंल तर तिला ह्ये आदीच ठावं हाय."

"मग माजा हात तितंच असंल," अप्पा म्हणाले. रागानं नव्हे. थकल्यासारखे म्हणाले.

"असू द्या," आतून सून म्हणाली. "मी बी तितंच असन. औंदा सगळं म्हाईत हाय मला. मागं थांबू का म्हून इचारनार न्हाय."

आता फाल्गुन संपत आलाय. नवं पत्रक मी लिहिलंय, अर्ध्या पानाचं. त्यात पणजा निर्दोष नाही. त्यात लिहिलंय की त्यानं एडका घेतला, शपथ खोटी घेतली, आणि तो मेला. त्यात अप्पांच्या आज्याला शिव्या नाहीत, आणि अप्पांना त्यांच्या आज्याबद्दल काही विचारलेलंही नाही. अप्पांना विचारलंय ते त्यांच्या स्वतःच्या हाताबद्दल. छापायच्या आधी काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्ये खरं हाय. छाप."

सुनेची आंबील हंड्यात पडेल का, मला माहीत नाही. पडली नाही तर कळशी उचलून लिंबाखाली नेणार नाही, असं त्या दोघींनी ठरवलंय. हंड्याशेजारीच उभ्या राहतील, ऊन चढलं तरी. मी द्रोण वाटायला नसेन, त्यांच्याबरोबर रांगेत असेन. पण तिघींनी उभं राहून काही होत नाही. अप्पांच्या एका हातानं हे चालत नाही, वळसा घालून पुढं जाणाऱ्या पन्नास पायांनी चालतं.

म्हणून आता तुमच्याशी बोलते. गावाचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण लिहिलं तर तुम्ही "ते तिकडं" म्हणाल. तुमच्या गावातही असं एक घर आहे, ज्याचं पान, पंगत, पालखी किंवा पाणी कुणाच्या तरी आज्या-पणज्याच्या करणीमुळं वेगळं ठेवलंय. विचार करायची गरज नाही, ते घर तुम्हाला आत्ताच आठवलं. पुढच्या यात्रेला त्या घरच्या बाईला जिथं अडवतील, तिथं तिच्यामागं थांबा. तुमच्या पूर्वजांच्या वतीनं काही बोलू नका, माफी मागू नका, रडू नका. फक्त तिला वळसा घालू नका. तिचं होईपर्यंत तुमचा नैवेद्य पुढं नेऊ नका.